होस्टिंग बदललं आणि मराठी अक्षरं फुटली: दुरुस्तीआधी डेटाबेसमध्ये काय आहे ते बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते. वाचनालयाची साइट आहे, पीएचपी आणि मायएसक्यूएलवर चालते, पंधरा-सोळा वर्षांचे लेख आणि पुस्तकांची यादी तिच्यात आहे. जुन्या होस्टिंगवरून नव्यावर नेली आणि मराठीच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा इंग्रजी ए, मग चार काटे फुटलेलं गोल चिन्ह, मध्येच जपानी येनचं चिन्ह असं काहीतरी दिसायला लागलं. काही पानांवर नुसती प्रश्नचिन्हं आहेत. अगदी सुरुवातीचे लेख इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतात, आणि सभासदांच्या पीडीएफ पावतीत जोडाक्षरं तुटतायत. मेटा टॅग टाकून बघितला, फरक पडला नाही. आता कुणीतरी सांगितलंय की सगळी टेबलं यूटीएफ८-एमबी४ (मायएसक्यूएलमधला पूर्ण युनिकोडचा प्रकार) मध्ये कन्व्हर्ट करून टाका, तर करू का?

नका करू. निदान आज तरी नका करू. हा सल्ला चुकीचा नाहीये पण तो एका विशिष्ट परिस्थितीतच बरोबर आहे, आणि तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून तुमची परिस्थिती बहुतेक नेमकी उलटी आहे. त्या कमांडने आत्ता जे परत मिळवता येण्यासारखं आहे ते आणखी एका थराखाली गाडलं जाईल.

मी मराठी साइट्स एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवायचं काम बरीच वर्षं करते आहे आणि लोक ज्याला 'अक्षरं फुटली' म्हणतात ते प्रत्यक्षात चार वेगवेगळे बिघाड असतात. तुमच्याकडे चारही एकदम आलेत म्हणून गोंधळ वाटतोय. एक, डेटा शाबूत आहे पण वाचणारा चुकीच्या पद्धतीने वाचतोय. दोन, डेटा चुकीच्या पद्धतीने वाचून परत लिहिला गेलाय, म्हणजे गुंडाळला गेलाय पण उलगडता येतो. तीन, डेटा गेलाय. चार, डेटा कधी युनिकोड नव्हताच किंवा एन्कोडिंग ठीक आहे आणि प्रश्न फॉन्टचा, अक्षरजोडणीचा आहे. पहिल्या दोघांत स्क्रीनवर हुबेहूब तोच कचरा दिसतो, म्हणून स्क्रीन बघून निर्णय घेता येत नाही. मेटा टॅग टाकून काही झालं नाही ते यामुळेच, मेटा टॅग फक्त ब्राउझरला सांगतो की हे कसं वाच, बिघाड त्याच्या बराच आधी डेटाबेसजवळ झालेला असेल तर त्याचा उपयोग शून्य.

पहिल्यांदा हे कसं होतं ते सांगते, कारण ते कळलं की पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत. मायएसक्यूएलचा डीफॉल्ट कॅरॅक्टर सेट (कुठला बाइट म्हणजे कुठलं अक्षर हे ठरवणारा तक्ता) ८.० आवृत्ती येईपर्यंत, म्हणजे २०१८ पर्यंत, लॅटिन-१ होता आणि त्याचं कोलेशन (अक्षरांचा क्रम लावायचे नियम) स्वीडिश, कारण कंपनी मूळची स्वीडनची. टेबल बनवणाऱ्याने काहीच सांगितलं नाही की हेच लागायचं, म्हणून वाचनालयं, मंडळं, शाळा, छोटी मासिकं यांच्या जुन्या डेटाबेसमध्ये 'लॅटिन१ स्वीडिश' अजून सर्रास सापडतं. लॅटिन-१ मध्ये एक बाइट म्हणजे एक अक्षर आणि ती सगळी पश्चिम युरोपची, देवनागरीला तिथे जागाच नाही. तरीही साइटवर मराठी नीट दिसायचं ते असं, की पान यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड बाइटमध्ये लिहायच्या पद्धतीत, असल्यामुळे फॉर्ममध्ये टाइप केलेला 'म' ब्राउझर तीन बाइट करून पाठवायचा, पीएचपीचं डेटाबेसशी कनेक्शनही लॅटिन-१ असायचं, त्यामुळे मायएसक्यूएलला वाटायचं ही तीन युरोपीय अक्षरं आली, तो ती तशीच ठेवायचा, मागितली की तशीच द्यायचा, आणि ब्राउझर त्या तीन बाइट्सचा परत 'म' करायचा. डब्यावर मीठ लिहिलंय आणि आत साखर आहे, पण घरातल्या सगळ्यांना माहितीये, तोपर्यंत चहा बिघडत नाही.

होस्टिंग बदललं की लेबल वाचून काम करणारा कुणीतरी मध्ये येतो. पीएचपीच्या कोडमध्ये कनेक्शनचा कॅरॅक्टर सेट सांगितलेला नसेल तर मायएसक्यूएलएनडी हा ड्रायव्हर सर्व्हरचा डीफॉल्ट उचलतो, आणि नव्या सर्व्हरवर मायएसक्यूएल ८ असेल तर तो डीफॉल्ट यूटीएफ८-एमबी४ आहे. आता डेटाबेस प्रामाणिकपणे विचार करतो की टेबलात लॅटिन-१ आहे, मागणाऱ्याला यूटीएफ-८ पाहिजे, तर रूपांतर करून देऊ. झालं, एका 'म' ची तीन युरोपीय अक्षरं होऊन बाहेर आली. कोडची एक ओळ बदललेली नाही, डेटाही बदललेला नाही, तरी साइट फुटली. किंवा हेच रूपांतर डंप (डेटाबेसची फाइलमध्ये उतरवलेली प्रत) काढताना झालं, आणि मग गुंडाळलेली अक्षरं नव्या टेबलात कायमची बसली. पहिला प्रकार म्हणजे माझा बिघाड एक, दुसरा म्हणजे बिघाड दोन.

तुम्ही जी चिन्हं सांगितलीत ती ऐकून मला खरं तर बरं वाटलं. युनिकोडमध्ये देवनागरीचा मुख्य ब्लॉक ०९०० ते ०९७एफ असा १२८ जागांचा आहे, आणि यूटीएफ-८ मध्ये त्यातल्या प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट होतात, पहिला कायम ई०, दुसरा ए४ किंवा ए५ (हे बाइट हेक्समध्ये, म्हणजे सोळा अंकी पद्धतीत लिहिलेत). लॅटिन-१ मध्ये ई० म्हणजे तिरकी रेघवाला ए, ए४ म्हणजे ते काटेरी गोल चिन्ह आणि ए५ म्हणजे येन. स्वर, व्यंजनं, काना आणि ह्रस्व वेलांटी यांना ए४ लागतो, दीर्घ वेलांटीपासून पुढच्या मात्रा, हलन्त आणि देवनागरी आकडे यांना ए५, म्हणून मजकुरात येन मध्येमध्ये येतो. हा नमुना दिसतोय याचा अर्थ मूळ बाइट अजून आहेत. प्रश्नचिन्हांचं मात्र तसं सांगता येत नाही.

आता करायचं काय. सगळ्यात आधी लेख टाकणाऱ्या सगळ्यांना सांगा की साइटवर काही लिहू नका, जुनं 'हाताने दुरुस्त' तर अजिबात करू नका. जुन्या होस्टिंगची मुदत शिल्लक असेल तर ती संपू देऊ नका, पैसे भरावे लागले तरी एक महिना वाढवून घ्या. दोन्हीकडच्या डेटाबेसचा बॅकअप घ्या आणि ती फाइल कुठल्याही एडिटरमध्ये उघडून सेव्ह करू नका. मग नव्या सर्व्हरवर एका फुटलेल्या लेखाचं शीर्षक हेक्स फंक्शन लावून सिलेक्ट करा, म्हणजे अक्षरांऐवजी बाइट दिसतील. आणि शो क्रिएट टेबल चालवून त्या कॉलमचा कॅरॅक्टर सेट काय लिहिलाय ते बघा. या दोन गोष्टी एकत्र बघायच्या, एकटीला अर्थ नाही.

हेक्समध्ये ई०ए४, ई०ए५ असं परत परत येत असेल आणि कॉलम यूटीएफ८-एमबी४ असेल (किंवा जुना यूटीएफ८), तर डेटा निरोगी आहे. कोडमध्ये कनेक्शन उघडल्याउघडल्या कॅरॅक्टर सेट यूटीएफ८-एमबी४ सांगा, पीएचपी डेटाबेसशी मायएसक्यूएलआयने जोडलेलं असेल तर सेट-कॅरसेट, पीडीओने असेल तर कनेक्शनच्या ओळीतच. तरी फुटलं तर सर्व्हर कुठला हेडर पाठवतोय ते बघा, कारण सर्व्हरने कंटेंट-टाइपच्या हेडरमध्ये दुसरं एन्कोडिंग सांगितलं तर ब्राउझर मेटा टॅगकडे बघत नाही. अपाचीमध्ये ॲड-डीफॉल्ट-कॅरसेट अशी सेटिंग असते, होस्टिंगवाल्यांनी ती लावून ठेवलेली असू शकते. मेटा टॅगही पानाच्या पहिल्या १०२४ बाइटमध्येच पाहिजे, वर लांबलचक कॉमेंट किंवा स्क्रिप्ट असेल तर तो खाली जाऊन निकामी होतो.

हेक्स ई०ए४ पण कॉलम लॅटिन-१ असेल तर ती वरची साखर-मिठाची गोष्ट. बाइट बरोबर, लेबल चूक. इथे 'कन्व्हर्ट टू' वाली अल्टर कमांड द्यायची नाही, ती लेबलवर विश्वास ठेवून प्रत्येक बाइटचं रूपांतर करते आणि बिघाड एकचा बिघाड दोन होतो. इथे कॉलम आधी बायनरी प्रकारात न्यायचा, टेक्स्ट असेल तर ब्लॉब, व्हारकॅर असेल तर व्हारबायनरी, आणि मग तिथून टेक्स्ट किंवा व्हारकॅर यूटीएफ८-एमबी४ मध्ये आणायचा. बायनरी केलं की मायएसक्यूएल अक्षरांचा विचार सोडून देतो, बाइट हलत नाहीत, फक्त लेबल बदलतं. ज्याने तुम्हाला थेट कन्व्हर्ट करायला सांगितलं त्याच्या डोक्यात खऱ्याखुऱ्या लॅटिन मजकुराचं टेबल असणार, तिथे ती कमांड अगदी योग्य.

हे करताना एखादी ओळ 'इनकरेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू' म्हणून अडते. घाबरू नका, याचं कारण बहुतेक जुनंच असतं. लॅटिन-१ मध्ये २५५ चा व्हारकॅर म्हणजे २५५ बाइट, म्हणजे जेमतेम ८५ देवनागरी चिन्हं, आणि यात मात्रा, हलन्त, अनुस्वार सगळे वेगळे मोजायचे. लांब शीर्षकं तेव्हाच कापली गेलेली असतात, बरेचदा एका अक्षराच्या मधोमध, आणि ते शेवटचे एक-दोन अर्धवट बाइट आता यूटीएफ-८ म्हणून वैध ठरत नाहीत. अशा ओळी शोधायच्या, शेपटीचे बाइट काढायचे, मग पुढे जायचं. शीर्षकाचा उरलेला भाग छापील सूचीतून किंवा रजिस्टरमधून भरून घ्यावा लागेल.

हेक्समध्ये सी३ए०सी२ए४ असं दिसलं तर मजकूर दोनदा एन्कोड झालाय. सी३ए० म्हणजे तो तिरकी रेघवाला ए स्वतःच यूटीएफ-८ मध्ये लिहिलेला. इथे उलटा प्रवास करायचा, कॉलममधला मजकूर लॅटिन-१ मध्ये कन्व्हर्ट, त्याला कास्ट करून बायनरी, आणि त्या बायनरीला यूटीएफ८-एमबी४ म्हणून कन्व्हर्ट. आधी नुसता सिलेक्ट करून बघा, मराठी स्वच्छ दिसलं तरच अपडेट. कधी कधी कुणीतरी दुरुस्तीची स्क्रिप्ट आणखी चालवलेली असते आणि थर तीन होतात, एका मासिकाच्या साइटवर मला असं सापडलं होतं, तेव्हा एकेक थर करून उलगडायचं, घाई नाही.

इथे एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि तीच लोक विसरतात. साइट हलवल्यानंतर तुम्ही जे नवे लेख टाकलेत ते बरोबर बसलेले असू शकतात. म्हणजे एकाच कॉलममध्ये जुन्या ओळी दोनदा एन्कोड झालेल्या आणि नव्या निरोगी. वरचा अपडेट सरसकट चालवला तर निरोगी मराठी लॅटिन-१ मध्ये ढकललं जाईल, तिथे देवनागरीला जागा नाही, आणि प्रत्येक चिन्हाचं प्रश्नचिन्ह होईल. ते परत येत नाही. म्हणून अपडेटला अट घालायचीच, हेक्समध्ये सी३ए०सी२ए४ किंवा सी३ए०सी२ए५ असलेल्याच ओळी घ्यायच्या, आणि ज्या ओळीत हे आणि निरोगी ई०ए४ दोन्ही सापडतात, म्हणजे फुटलेल्या लेखात कुणीतरी वर नवा परिच्छेद टाइप केलाय, त्या बाजूला काढून हाताने करायच्या.

आता प्रश्नचिन्हं. हेक्समध्ये ३एफ३एफ३एफ दिसलं तर ती खरीखुरी प्रश्नचिन्हं डेटाबेसमध्ये लिहिली गेलीयत आणि त्यातून मूळ अक्षर काढायचा कुठलाही मार्ग नाही, कुणी टूल आहे म्हणालं तरी नाही, कारण 'मराठी' ची पाच प्रश्नचिन्हं आणि 'कविता' लिहिलं तर त्याचीही पाचच. तिथे फक्त बॅकअप. पण हेक्स ई०ए४ आणि पानावर प्रश्नचिन्हं असं असेल तर डेटा ठीक आहे, कनेक्शन लॅटिन-१ आहे आणि बाहेर येताना अक्षरं मरतायत, ती वर सांगितलेल्या एका ओळीने जिवंत होतात. म्हणूनच म्हणते हेक्स बघितल्याशिवाय रडू नका आणि दुरुस्तीही करू नका. काळ्या चौकटीतलं पांढरं प्रश्नचिन्ह हा तिसरा प्रकार, तो ब्राउझर दाखवतो, बाइट वाचता आले नाहीत म्हणून. लेखाच्या सारांशाच्या शेवटी एकच असं चिन्ह येत असेल तर कोडमध्ये मजकूर कापायला सबस्ट्र फंक्शन वापरलंय, ते बाइट मोजतं, एमबी-सबस्ट्र करा.

जुनं होस्टिंग अजून चालू असेल तर यातलं बरंचसं टाळता येतं आणि मी तरी तोच रस्ता धरेन. तिथे खात्री करायची खूण सोपी आहे, साइटवर मराठी नीट दिसतं पण पीएचपीमायॲडमिनमध्ये (ब्राउझरमधून डेटाबेस बघायच्या टूलमध्ये) तेच लेख कचरा दिसतात, असं असेल तर लेबल चुकीचं होतं हे नक्की. मग पीएचपीमायॲडमिनमधून एक्स्पोर्ट करू नका, तो रूपांतर करून देतो. मायएसक्यूएलडंपला डीफॉल्ट कॅरॅक्टर सेट लॅटिन-१ आणि स्किप-सेट-कॅरसेट असे दोन पर्याय देऊन डंप काढा, म्हणजे बाइट आहेत तसे फाइलमध्ये उतरतात. ती फाइल यूटीएफ-८ म्हणून नुसती बघितली तर मराठी स्वच्छ वाचता आलं पाहिजे, नाही आलं तर तिथेच थांबा. आलं तर फाइलच्या प्रतीत टेबलांच्या व्याख्येतलं लॅटिन१ बदलून यूटीएफ८-एमबी४ करा, हे एसईडी या शोधा-आणि-बदला कमांडने केलेलं बरं, आणि यूटीएफ८-एमबी४ कनेक्शनने नव्या रिकाम्या डेटाबेसमध्ये भरा. 'की टू लाँग' असा एरर आला तर इंडेक्स लावलेल्या कॉलमची लांबी १९१ करायला सांगतात ती जुन्या ७६७ बाइटच्या मर्यादेमुळे, ७६७ भागिले ४. मायएसक्यूएल ८ वर सहसा गरज पडत नाही. नुसतं यूटीएफ८ न घेता एमबी४ का, तर मायएसक्यूएलचं जुनं यूटीएफ८ तीन बाइटपर्यंतच जातं. मराठीला ते पुरतं पण इमोजीला चार लागतात, आणि जुन्या सैल सेटिंगवर इमोजी आला की तिथून पुढचा सगळा लेख कापला जायचा. अर्धवट तुटलेले अभिप्राय असतील तर हेच कारण असू शकतं.

ऑनलाइन 'मजकूर दुरुस्त करा' वाल्या पेट्यांबद्दल एक इशारा. तिथे फुटलेला मजकूर पेस्ट केला की बराचसा बरोबर येतो आणि माणूस खूश होतो, पण नीट वाचलं की हलन्त, ह्रस्व उकार, ए, ऐ, झ आणि चंद्रबिंदू यांच्या जागी काळी चौकोनी चिन्हं दिसतात, 'महाराष्ट्र' मधलं जोडाक्षर मोडतं, 'पुणे' चा उकार जातो. कारण विंडोज-१२५२ या कॅरॅक्टर सेटमध्ये ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी या पाच जागा रिकाम्या आहेत आणि नेमके याच अक्षरांचे तिसरे बाइट तिथे पडतात. काही टूल्स ते बाइट टाकून देतात. 'ठ' चा तिसरा बाइट ए० आहे, तो लॅटिनमध्ये न तुटणारी स्पेस, कॉपी-पेस्टमध्ये ती साधी स्पेस झाली की 'मराठी' शब्दच मोडतो. 'भ' चा शेवटचा बाइट न दिसणारा हायफन आहे, तो तर गेल्याचं कळतही नाही. मायएसक्यूएलचा स्वतःचा लॅटिन-१ या पाचही जागा सांभाळतो, म्हणून दुरुस्ती डेटाबेसच्या आतच करायची, मजकूर बाहेर काढून, पेस्ट करून परत टाकायचा नाही. आणि दुरुस्ती झाल्यावर तपासायला असाच शब्द घ्यायचा ज्यात ही अक्षरं आहेत, 'झुंजार', 'एकत्र', 'ऐतिहासिक', 'ग्रंथभांडार', नुसतं 'नमस्कार' दिसलं म्हणून झालं असं समजू नये.

सुरुवातीचे लेख जे इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतात त्यांचा या सगळ्याशी संबंध नाही आणि त्यांच्यावर वरची कुठलीही क्वेरी चालवू नका. ते युनिकोडच्या आधीच्या पद्धतीने टाइप केलेले आहेत, श्रीलिपी, सी-डॅकचे डीव्हीबी-टीटी सुरेख, योगेश, कृतीदेव, शिवाजी असे फॉन्ट. त्यात साठवलेली अक्षरं खरोखर इंग्रजीच असतात, फॉन्ट फक्त त्या इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचा तुकडा काढून दाखवतो, कुठे अर्धा क, कुठे नुसता काना. विंडोज २००० पासून मायक्रोसॉफ्टने देवनागरी आणि र. कृ. जोशींनी घडवलेला मंगल फॉन्ट दिला, तरी छपाईच्या कामात आणि म्हणून साइट्सवरही हे जुने फॉन्ट बराच काळ टिकले. आता तो फॉन्ट साइटवर नाही म्हणून खिचडी दिसते. यावर उपाय कन्व्हर्टर, पण कुठला फॉन्ट होता ते कळल्याशिवाय नाही, कारण प्रत्येकाचा तक्ता वेगळा. जुन्या पानाच्या एचटीएमएलमध्ये फॉन्ट फेस म्हणून नाव सापडेल, डेटाबेसमध्ये नसेल तर जुन्या थीमच्या फाइल्समध्ये बघा. कन्व्हर्टरचं काम नुसतं अक्षराला अक्षर लावायचं नसतं, या फॉन्टांत ह्रस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये दोन्हीचा क्रम उलटा, त्यामुळे चुका नेमक्या तिथे राहतात. इथे मुद्रितशोधन माणसानेच करायला हवं. वाचनालय आहे, वाचणारी माणसं तुमच्याकडे आहेत, चार-पाच जणांत लेख वाटून द्या. मूळ मजकूर वेगळ्या कॉलममध्ये जपून ठेवा, पुढे चांगला कन्व्हर्टर मिळाला तर उपयोगी पडतो.

पावतीची पीडीएफ हा एन्कोडिंगचा नाही, अक्षरजोडणीचा प्रश्न आहे. युनिकोडमध्ये 'स्त्री' साठवताना स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी असं ओळीने असतं, त्याचं एक जोडाक्षर करायचं काम फॉन्टमधले नियम आणि ते नियम पाळणारं इंजिन करतं. ब्राउझरमध्ये हे इंजिन असतं, पीएचपीच्या बऱ्याच पीडीएफ लायब्ररींत नसतं. एफपीडीएफ, टीसीपीडीएफ, डॉमपीडीएफ यांत फॉन्ट बदलत बसून उपयोग नाही. एमपीडीएफच्या ६ आणि पुढच्या आवृत्तीत ओपनटाइपचे नियम पाळायची सोय आहे, फॉन्टच्या सेटिंगमध्ये ती चालू करावी लागते. नाहीतर पावती साधं वेबपेज म्हणून दाखवा आणि ब्राउझरमधूनच पीडीएफ करून घ्या, छोट्या संस्थेला मी हेच सुचवते. वेबपानांवरही शीर्षकांना सीएसएसमध्ये लेटर-स्पेसिंग दिलेलं असेल तर काढा, शिरोरेघ तुटते.

दोन गोष्टी नंतरच्या, पण आत्ताच सांगून ठेवते कारण दुरुस्तीत त्या बिघडतात. जुन्या मजकुरात 'दऱ्या' सारखे शब्द र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात, असे लिहिलेले असू शकतात. 'न दिसणारी अक्षरं काढून टाका' अशी स्वच्छता करणारं प्लगइन चालवलं की डोंगरातल्या 'दऱ्या' चा समुद्रातला 'दर्या' होतो. असं प्लगइन नको. आणि 'ॲ' हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ आवृत्तीत आलं, त्याआधीचे लेख अ आणि वर चंद्र असे दोन तुकडे जोडून लिहिलेले असतात, त्यामुळे सर्चमध्ये 'ॲ' टाकलं तर जुनं सापडत नाही. सगळं स्थिर झाल्यावर एकदा ते एकसारखं करून घ्या.

पुस्तकांची यादी एक्सेलमधून येते म्हणालात. यूटीएफ-८ सीएसव्ही एक्सेलमध्ये डबलक्लिक करून उघडली आणि फाइलच्या सुरुवातीला बीओएमची (ही फाइल यूटीएफ-८ आहे असं सांगणारी, न दिसणारी) खूण नसेल तर तोच तिरक्या रेघेचा कचरा दिसतो, आणि तशीच सेव्ह केली की कायमचा होतो. डेटा टॅबमधून इम्पोर्ट करा, एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा, आणि सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा प्रकार घ्या, साध्या सीएसव्हीत मराठीची प्रश्नचिन्हं होतात. पीएचपीच्या फाइल्सना मात्र बीओएम नको, तिथे तोच 'हेडर्स ऑलरेडी सेंट' चा एरर देतो.

पुढचं नेमकं सांगायला मला तुमच्याकडून चार गोष्टी लागतील: एका फुटलेल्या शीर्षकाचं हेक्स, एका प्रश्नचिन्हवाल्या शीर्षकाचं हेक्स, साइट हलवल्यानंतर टाकलेल्या एखाद्या लेखाचं हेक्स, आणि त्या टेबलाचं शो क्रिएट टेबल. जुनं होस्टिंग चालू आहे का, तिथे कमांड लाइन मिळते का आणि साइट वर्डप्रेसवर आहे की हाताने लिहिलेली, हेही लिहा. वर्डप्रेस असेल आणि विजेट्स किंवा थीमच्या सेटिंग्ज गायब झाल्या असतील तर त्या परत भरू नका, त्यात मजकुराची लांबी बाइटमध्ये नोंदलेली असते, फुटलेल्या मजकुराची लांबी जुळत नाही म्हणून त्या दिसत नाहीत, एन्कोडिंग दुरुस्त झालं की बहुतेक वेळा आपोआप परत येतात. हेक्स आलं की तुमच्या टेबलासाठी अटीसकट क्वेरी लिहून देते.